पडद्यावरचे बोलके मदतनीस

संगणकाच्या पडद्यावरचे एखादे चित्र पापण्या मिटते, मान वळवून आपल्याकडे बघते आणि काही मदत हवी का म्हणून विचारते. ते नुसते चित्र आहे हे आपल्याला पक्के ठाऊक असते. तरीही ते वेळी-अवेळी मध्ये तोंड घालू लागले की आपण चिडतो, आणि नेमके हवे ते सांगून गेले की मनातल्या मनात त्याचे आभारही मानतो. असे का होते, आणि हे ओळखून असलेल्या कंपन्यांनी त्याचा उपयोग आणि दुरुपयोग कसा केला, हा या पुस्तकाचा विषय आहे.

हा इतिहास जेमतेम चाळीस वर्षांचा. बहुतेक वेळा तो एका फसलेल्या पेपरक्लिपची गंमत म्हणून सांगितला जातो आणि तिथेच सोडून दिला जातो. त्याच्यावर अख्खे पुस्तक लिहावेसे वाटले, कारण तेव्हा झालेल्या चुका आज कितीतरी ताकदवान यंत्रांच्या हातून पुन्हा होऊ घातल्या आहेत. मदतनिसाला चेहरा देणे हे चित्रकाराचे काम आणि त्या मानाने सोपे. पण चेहरा दिला की समोरचा माणूस त्याच्याकडून माणसाच्या रीतीभातीची अपेक्षा धरू लागतो. ओळख ठेवावी, वेळ बघून बोलावे, थांब म्हटले की थांबावे आणि आपण कोणाच्या पदरी आहोत ते लपवू नये, या त्या रीती. पडद्यावरच्या प्रत्येक मदतनिसाचे भले-बुरे या चार गोष्टींवरच ठरत आले, असे माझे म्हणणे आहे.

आधी विषयाची हद्द आखून घेतो. हलणारा चेहरा किंवा शरीर असलेले, आवाजाने किंवा फुग्यातल्या शब्दांनी वापरणाऱ्याशी थेट बोलणारे, आणि त्याच्या कामात मदत करतो असे सांगणारे पात्र, एवढ्यांचाच विचार इथे केला आहे. खेळांतली पात्रे त्यामुळे बाहेर राहतात. चेहरा नसलेले आवाज मुख्य कथेत बसत नाहीत, पण मधल्या काळात त्यांनीच ही जागा चालवली, म्हणून त्यांना थोडी जागा दिली आहे.

या सगळ्याची पूर्वपीठिका 1966 सालची. एमआयटीतले जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' हा संगणक-प्रोग्राम लिहिला. समोरच्याचेच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, एवढीच त्याची युक्ती होती. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने तो घडताना महिनोन्‌महिने पाहिला होता. तरी एलायझाशी बोलायला बसल्यावर थोड्याच वेळात तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. वायझेनबाउम या अनुभवाने हादरले आणि पुढे संगणकाकडे माणसाचे काम सोपवण्याविरुद्ध ठामपणे लिहीत राहिले. एलायझाला ना चेहरा होता ना आवाज. टाइप केलेल्या शब्दांवरच माणूस इतका गुंततो, तर चेहरा आल्यावर काय होईल, हा प्रश्न तिथूनच सुरू झाला.

आवाज ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाबरोबर आला. जानेवारी 1984 मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी तो लोकांसमोर आणला तेव्हा त्या यंत्राने स्वतःच्या तोंडाने स्वतःची ओळख करून दिली होती. दोन वर्षांनी, 1986 साली, कॅनडाच्या स्टीव्हन हॉल्स यांनी याच मॅकसाठी 'टॉकिंग मूस' तयार केला. मूस म्हणजे उत्तर अमेरिकेतले सांबरापेक्षाही थोराड हरीण. पडद्याच्या कोपऱ्यात त्याचे तोंड उगवायचे, जबडा हलवत एखादे वाक्य बोलायचे आणि नाहीसे व्हायचे. कामात मदत करण्याचा त्याचा दावा नसल्याने माझ्या हद्दीत तो जेमतेम बसतो. पण आवाज आणि ओठ यांची सांगड घरच्या संगणकावर घालून दाखवणाऱ्या पहिल्यांपैकी तो आहे, म्हणून कथेची सुरुवात त्याच्यापासून केली आहे.

1987 साली ॲपलने 'नॉलेज नेव्हिगेटर' नावाची छोटी फिल्म केली. त्यात एका प्राध्यापकाच्या टेबलावर घडी घालता येणारा पडदा आहे आणि त्या पडद्यावर बो-टाय लावलेला एक तरुण. तो निरोप सांगतो, दिवसाच्या कामांची आठवण करून देतो, ॲमेझॉनच्या जंगलतोडीवरचे संशोधन शोधून आणतो. हे सगळे कल्पनेतले होते, तसे यंत्र कुणाकडेच नव्हते. पण पुढची कित्येक वर्षे संशोधकांच्या मनात मदतनिसाचे हेच रूप राहिले, आणि प्रत्यक्षातले मदतनीस त्याच्यापुढे फिके ठरत गेले.

कल्पनेला शास्त्राचा आधार मिळाला तो स्टॅनफर्ड विद्यापीठात. क्लिफर्ड नास आणि बायरन रीव्ह्ज यांनी माणसामाणसांतल्या वागण्याचे प्रयोग घेतले आणि त्यांतल्या एका माणसाच्या जागी संगणक बसवला. त्यांचा एक प्रयोग नीट पाहण्यासारखा आहे. एका संगणकाने विद्यार्थ्यांना काही माहिती शिकवली. मग, हा संगणक कसा वाटला, असे त्यांना विचारले. काहींनी उत्तरे त्याच संगणकावर दिली, काहींनी दुसऱ्या. ज्यांना त्याच संगणकावर विचारले त्यांनी त्याची जास्त तारीफ केली, म्हणजे तोंडावर वाईट बोलायचे टाळले. संगणकाची भीड बाळगलीत का, असे नंतर विचारल्यावर मात्र सगळ्यांनी साफ नकार दिला. 1996 साली या दोघांनी 'द मीडिया इक्वेशन' या पुस्तकात असे प्रयोग एकत्र मांडले.

मराठी वाचकाला याचे फार आश्चर्य वाटू नये. रामदास पाध्ये यांच्या मांडीवरचा अर्धवटराव बोलू लागला की आवाज कुठून येतो हे सभागृहातल्या सगळ्यांना माहीत असते, तरी लोक उत्तर देतात ते अर्धवटरावालाच. फरक इतकाच की तिथे बोलविता धनी बाहुलीशेजारीच, उजेडात बसलेला असतो. संगणकावरच्या बाहुलीचा धनी दिसत नाही, आणि या इतिहासातले बरेचसे दुखणे तिथेच आहे.

नास आणि रीव्ह्ज यांच्या विचारांचा पहिला मोठा व्यापारी प्रयोग म्हणजे 1995 सालचा 'मायक्रोसॉफ्ट बॉब'. विंडोजला बिचकणाऱ्या घरगुती माणसासाठी पडद्यावर घराच्या खोल्या काढल्या होत्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर क्लिक केले की दिनदर्शिका उघडायची, टेबलावरच्या कागदावर केले की पत्रलेखन. जोडीला वाटाड्या म्हणून प्राण्यांची आणि इतर पात्रांची फौज होती, तिचा म्होरक्या रोव्हर नावाचा पिवळा कुत्रा. बॉबची किंमत सुमारे 100 डॉलर. त्याला 8 एमबी मेमरी लागे आणि पुष्कळ घरगुती संगणकांत तेव्हा तेवढी नसे. वर्षभरातच तो गुंडाळावा लागला. त्याने मागे ठेवलेली एक गोष्ट मात्र जगभर पसरली. रोव्हरच्या फुग्यात टाइम्स न्यू रोमन अक्षरे पाहून व्हिन्सेंट कॉनेर यांना ते विजोड वाटले आणि त्यांनी कॉमिक सॅन्स हा फॉन्ट काढायला घेतला. बॉबसाठी तो वेळेत झाला नाही, पण आज लहान मुलांच्या वाढदिवसाच्या आमंत्रणापासून दुकानाच्या पाटीपर्यंत तो सगळीकडे दिसतो.

आता क्लिपिटकडे, म्हणजेच जगाच्या तोंडी असलेल्या क्लिपीकडे येऊ. त्याला या पुस्तकात सर्वांत जास्त जागा मिळाली आहे आणि ती त्याची हक्काची आहे. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस 97 मध्ये तो आला. सुमारे अडीचशे पात्रांना चाळणी लावल्यावर चित्रकार केव्हन ॲटेबेरी यांची ही पेपरक्लिप उरली. एक तार, दोन डोळे आणि त्यांवर भुवया, बस्स. तोंडसुद्धा नाही. पण त्या भुवयांतून कुतूहल, कंटाळा, आनंद असे सगळे दिसायचे. चित्रकलेच्या दृष्टीने हे अव्वल काम आहे, आणि ॲटेबेरी पुढे मुलांच्या पुस्तकांचे लेखक-चित्रकार म्हणून नावारूपाला आले यात नवल नाही.

क्लिपीचे वागणे जवळून पाहू. वर्डमध्ये कोरे पान उघडून 'डिअर' असे लिहून नाव घातले आणि एंटर दाबले की क्लिपी उसळून उभा राहायचा. पिवळ्या फुग्यात लिहिलेले असायचे की तुम्ही पत्र लिहिताय असे दिसते, मदत हवी आहे का? खाली पर्याय असत, मदत घ्या किंवा मदतीशिवाय लिहा. पहिल्या वेळी हे ठीक होते. पण विसाव्या पत्राच्या वेळीही तो तितक्याच उत्साहाने तेच विचारायचा. ज्या माणसाने एकोणीस वेळा नको म्हटले आहे, त्याला विसाव्यांदा विचारणाऱ्याला आपण काय म्हणतो? वीस वर्षे पत्रे लिहिणारा कारकून आणि पहिल्यांदा कीबोर्डला हात लावणारा विद्यार्थी, दोघेही क्लिपीच्या लेखी सारखेच होते.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण तिच्यावाचून क्लिपीवर अन्याय होतो. त्याच्यामागे चांगले संशोधन होते. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये एरिक हॉर्विट्झ आणि सहकारी 'ल्युमिएर' हा प्रकल्प चालवत होते. माणूस काय करतो आहे, कुठे थबकतो आहे, कुठला मेनू उघडून बंद करतो आहे यावरून त्याला कशाची गरज असेल याची शक्यता बेज या गणितज्ञाच्या सूत्राने काढायची, असा त्यांचा विचार. त्यासाठी त्यांनी एक सुंदर प्रयोग केला. एक माणूस एक्सेलमध्ये काम करत बसला आहे. दुसऱ्या खोलीत एक जाणकार त्याचा पडदा पाहतो आहे आणि संगणकाच्या नावाने सल्ले पाठवतो आहे. त्यात आढळले की सल्ला चुकीचा असला तरी माणसे तो गांभीर्याने घेतात, हातचे काम सोडून सांगितलेले करून पाहू लागतात, आणि ते पाहून सल्ला देणाऱ्याला वाटते की आपला अंदाज बरोबर ठरला. म्हणजे चुकीच्या सल्ल्याची किंमत मोजतो तो ऐकणारा, आणि देणाऱ्याला ती कळतही नाही. हे लक्षात आल्यावर प्रयोगातले जाणकार हळूहळू कमी बोलू लागले.

हा धडा संशोधकांना मिळाला, पण बाजारात गेलेल्या मालात तो उतरला नाही. ऑफिस 97 मध्ये ल्युमिएरचा अर्धामुर्धा भाग घेतला गेला. वापरणाऱ्याची ओळख साठवून ठेवण्याची आणि तो किती तरबेज आहे ते जोखण्याची सोय गाळली गेली. केव्हा बोलावे याचा निर्णय साध्या नियमांवर सोपवला गेला. चेहरा मात्र पूर्ण ठेवला. डोके काढून घेऊन तोंड तेवढे ठेवावे तसे हे झाले, आणि लोकांनी त्या तोंडावर राग काढला.

नास यांनी पुढे क्लिपीवरच एक प्रयोग केला. मदतीचा उपयोग झाला का असे विचारून, नाही म्हटल्यास तो स्वतःच कंपनीवर चिडल्याचे दाखवी आणि कंपनीला खरमरीत पत्र पाठवू या असे सुचवी. चित्र तेच, पण आता तो वापरणाऱ्याच्या बाजूचा झाला, आणि लोकांना तो आवडू लागला. तो आपला आहे की परका, हा प्रश्न किती मोलाचा आहे ते यावरून कळते. 2001 साली ऑफिस एक्सपी आले तेव्हा क्लिपी मुळातच बंद ठेवलेला होता, आणि आता तुम्हाला याची गरज नाही अशी जाहिरात खुद्द मायक्रोसॉफ्टने केली. ऑफिस 2007 मधून तो पूर्ण गेला.

महाराष्ट्राशी क्लिपीचा संबंध आला तो कॉम्प्युटर क्लासमुळे. गल्लोगल्ली निघालेले क्लासेस, 2001 साली स्थापन झालेले एमकेसीएल आणि त्यांचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम यांतून लाखो लोक ऑफिस शिकले. पण ज्याला मदतीची खरी गरज होती त्या नवशिक्याला फुग्यातले इंग्रजी वाचणे जड जायचे, आणि ज्याला ते सहज वाचता यायचे त्याला मदत नको असायची. शिवाय तेव्हा मराठी टाइप होई ती श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टमध्ये. पडद्यावर देवनागरी दिसे, पण आत साठवली जाई ती इंग्रजी अक्षरांची खूण. वर्डच्या लेखी तो निरर्थक मजकूर असे आणि प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ उमटे. 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष' असे लिहून कुणी सुरुवात केली, तर हे पत्र आहे हे क्लिपीला कळायची सोयच नव्हती. समोर कोण बसले आहे याचा विचार आधी करायला हवा, तो इथे झालाच नव्हता.

1997 मध्येच मायक्रोसॉफ्टने 'मायक्रोसॉफ्ट एजंट' नावाची सोय इतरांसाठी खुली केली. मर्लिन जादूगार, जिनी, रॉबी रोबो आणि पीडी पोपट ही तिची ठरलेली पात्रे. ही पात्रे खिडकीच्या चौकटीत अडकलेली नव्हती. पडद्यावर हवी तिथे उडत जात आणि सिंथेसायझरच्या आवाजात बोलत. प्रत्येक पात्राची एक फाइल असे आणि तिच्यात विचार करणे, वाचणे, शाबासकी देणे, बोट दाखवणे अशा नावांच्या हालचालींची चित्रे. त्यांवर उघड्या-मिटल्या तोंडाची मोजकी चित्रे चढवून उच्चार आणि ओठ जुळवले जात. चार ओळींचा कोड लिहून कुणालाही मर्लिनला आपल्या वेब पेजवर बोलायला लावता येई. जगभरातल्या हौशी मुलांनी यावर प्रोग्रामिंगचे पहिले धडे गिरवले.

सोय खुली म्हणजे ती कुणाच्याही हाती. 'बॉन्झीबडी' हा जांभळा गोरिला याच तंत्रावर उभा होता. सुरुवातीला तर त्यात पीडी पोपटच वापरला होता. तो विनोद सांगे, गाणे म्हणे, गप्पा मारी, आणि पाठीमागून जाहिराती आणून ब्राउझरचे मुख्यपान बदली. लहान मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा केल्याबद्दल 2004 साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याच्या कंपनीकडून 75,000 डॉलर दंड घेतला. क्लिपी बावळट होता, पण त्याच्या मनात कपट नव्हते. बॉन्झीच्या गोडव्याचा उद्देशच वेगळा होता. या दोघांना एकाच माळेत ओवण्याची पद्धत आहे, ती मोडावी असा या पुस्तकाचा एक हेतू आहे.

याच काळात दुसऱ्या बाजूला फार वेगळे काम चालू होते आणि त्याची दखल क्वचितच घेतली जाते. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात जेम्स लेस्टर आणि सहकाऱ्यांनी 'हर्मन द बग' हा किडा तयार केला. हवामानाला साजेसे झाड रचायला तो शाळकरी मुलांना शिकवी, आणि मूल अडले की मदत करी. 1997 साली 100 विद्यार्थ्यांवरच्या त्यांच्या अभ्यासात दिसले की असे पात्र नुसते सोबत असले तरी मुलांना शिकण्याचा अनुभव जास्त चांगला वाटतो. पुढे बॉस्टनमध्ये टिमथी बिकमोर यांच्या चमूने रुग्णालयातून घरी जाणाऱ्या रुग्णांसाठी पडद्यावरची परिचारिका घडवली. औषधांच्या पुस्तिकेचे एकेक पान हातात धरून ती समजावते, समजले का ते विचारते आणि कितीही वेळा पुन्हा सांगते. ज्यांना वैद्यकीय मजकूर वाचणे कठीण जाते अशा रुग्णांना ती आवडली, कारण तिला घाई नव्हती. इथे चेहरा तोच, पण रीत पाळलेली. चेहराच वाईट, असा सरसकट निष्कर्ष काढणाऱ्यांना ही दोन उदाहरणे पुरेसे उत्तर आहेत.

अर्थात त्या निष्कर्षाच्या बाजूनेही समर्थ माणसे होती. संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांचे म्हणणे, संगणक हे अवजार आहे, त्याचा ताबा माणसाच्या हातात हवा आणि जबाबदारीही माणसाचीच. एमआयटीच्या पॅटी मेस यांचे म्हणणे, माहितीचा पसारा इतका वाढला आहे की काही कामे मदतनिसावर सोपवण्यावाचून गत्यंतर नाही. 1997 साली दोघांचा जाहीर वाद झाला. त्यातले मुद्दे मी विस्ताराने दिले आहेत, कारण आज रोज चालणाऱ्या चर्चेतले बहुतेक प्रश्न त्या वादात आधीच आलेले आहेत.

क्लिपीच्या फजितीनंतर कंपन्यांनी चेहऱ्याची धास्तीच घेतली. 2011 साली आयफोनवर आलेली सिरी म्हणजे नुसता आवाज, 2014 सालची अलेक्सा म्हणजे आवाज आणि निळा उजेड, त्याच वर्षीची कॉर्टाना म्हणजे एक वर्तुळ. 2018 साली गूगल असिस्टंट मराठी बोलू लागला, आणि यंत्राशी इंग्रजीतूनच बोलायचे ही सक्ती आपल्यापैकी अनेकांसाठी पहिल्यांदा सैल झाली. मग भाषेची मोठी प्रारूपे (लार्ज लँग्वेज मॉडेल्स) आली आणि चेहरेही परतले. 2024 मध्ये डीडी किसान वाहिनीवर कृष आणि भूमी हे संगणकाने घडवलेले निवेदक दिसू लागले. 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या कोपायलट या मदतनिसाला 'मिको' नावाचा हसरा गोळा दिला. त्याच वर्षी अमेरिकेतले दुरुस्तीहक्काचे कार्यकर्ते लुई रॉसमन यांच्या हाकेवरून असंख्य लोकांनी आपल्या खात्यांवर क्लिपीचे चित्र लावले. ते कंपन्यांच्या माहिती ओरबाडण्याविरुद्ध होते. क्लिपीने त्रास दिला, पण तो तुमची माहिती विकत नव्हता, असे त्यांचे सांगणे. ज्याला लोकांनी घालवून दिले, त्याचीच बाजू घ्यायची वेळ लोकांवर आली.

पुस्तकाची मांडणी काळाच्या क्रमाने आहे, पण वाचकाने ते त्याच क्रमाने वाचावे असा आग्रह नाही. शिक्षकांनी हर्मनपासून सुरुवात करावी, सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांनी ल्युमिएरपासून, आणि घरात लहान मुले असलेल्यांनी बॉन्झीबडीपासून. तांत्रिक भाग शक्य तितका साध्या भाषेत ठेवला आहे.

आजच्या मदतनिसाला आपले नाव आठवते, आपली भाषा येते, आणि कधी गप्प बसावे हेही तो शिकतो आहे. पहिल्या तीन रीती तंत्रज्ञानाने बऱ्याचशा आवाक्यात आणल्या आहेत. चौथी मात्र तंत्रज्ञानाने सुटणारी नाही. तो कोणाच्या पदरी आहे, त्याच्या सल्ल्यावर कुणाची कमाई होते, आपण सांगितलेले पुढे कुठे जाते, हे कंपनीने उघड सांगायचे असते, कायद्याने सांगायला लावायचे असते आणि आपण विचारत राहायचे असते. विचारायची सवय लागावी, आणि विचारताना आपल्याला काय काय विचारता येते हे माहीत असावे, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.